गोळ्या गेल्या कुणीकडे?

मुलांनो, गोळ्या म्हटलं की तुमच्या तोंडाला लगेच पाणी सुटत असेल. लिमलेटच्या गोळ्या, चिंचेच्या गोळ्या, आवळ्याच्या गोळ्या! पण आज मी ज्या गोळ्यांची हकिगत सांगणार आहे, त्या खायच्या नाहीत. त्या आहेत रायफलच्या गोळ्या. दचकलात ना? शाळेतल्या बाई आणि रायफलच्या गोळ्या, हे काय त्रांगडं आहे, असंच तुम्हाला वाटलं असेल.

त्याचं असं झालं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ पदक मिळवलं. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन हा त्याचा खेळ. म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन पवित्र्यांत नेम धरायचा. पन्नास मीटरवर जे लक्ष्य असतं, त्याचा दहा गुणांचा गोल असतो जेमतेम १०.४ मिलिमीटरचा. तुमच्या शर्टाच्या गुंडीएवढा! दुसऱ्या दिवशी माझ्या चौथीच्या वर्गात नुसता प्रश्नांचा पाऊस. "बाई, ती गोळी केवढी असते?" "बाई, ती दुकानात मिळते का?" "बाई, संपली तर?"

या शेवटच्या प्रश्नानं माझी पंचाईत केली. उत्तर शोधायला म्हणून वाचत गेले आणि एक भलतीच गोष्ट हाती लागली. स्वप्नील ज्या मापाची गोळी वापरतो, त्याच मापाची गोळी काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या दुकानांतून नाहीशी झाली होती. एक-दोन आठवडे नव्हे, जवळजवळ तीन वर्षं! आणि गंमत अशी की, त्या सगळ्या काळात कारखाने बंद पडले नव्हते. उलट रात्रंदिवस चालू होते. मग त्या गोळ्या जात होत्या कुणीकडे?

चला, आपण थोडं गुप्तहेर होऊ या. पण आधी जी वस्तू हरवली तिची नीट ओळख करून घ्यायला हवी, नाही का?

तुमच्यापैकी कुणाचा दादा किंवा ताई एनसीसीत असेल, तर विचारा. कॅम्पमध्ये त्यांना जी रायफल चालवायला मिळते ती 'पॉइंट टू टू'ची. म्हणजे नळीचं भोक ०.२२ इंचाचं, साधारण साडेपाच मिलिमीटर. तिच्यात जे घालतात ते काडतूस. आपण बोलताना त्यालाच गोळी म्हणतो, पण खरी गोळी म्हणजे त्याच्या टोकावर बसवलेला शिशाचा लहानसा तुकडा. वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. तिच्यामागे पितळेची बारीक नळी आणि नळीत चिमूटभर दारू. सगळं मिळून लांबी जेमतेम एक इंच. करंगळीच्या दीड पेराएवढं म्हणा ना!

ही दारू कशापासून करतात ठाऊक आहे? मला वाचून आश्चर्यच वाटलं. कापसापासून! विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना सरकी माहीत आहे. कापूस पिंजून काढला तरी सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ना, तीसुद्धा या कामी येते. तिच्यावर कारखान्यात रासायनिक प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज नावाचा भडकन पेटणारा पदार्थ तयार होतो. काही ठिकाणी लाकडाचा लगदाही वापरतात.

आता ही दारू पेटवायची कशी? नळीत काडी तर घालता येत नाही. दिवाळीत तुम्ही टिकल्या उडवता. हातोडीनं ठोकलं की फट्! टिकलीला आग लावावी लागत नाही, ठोका बसला की पुरे. काडतुसातही अशीच एक 'टिकली' असते. मोठ्या रायफलच्या काडतुसात ती बुडाच्या मधोमध असते. पण बाविसच्या काडतुसात वेगळी टिकली नसतेच. ठोका बसताच पेटणारं ते मिश्रण बुडाच्या किनारीत, आतल्या पोकळ खाचेत भरलेलं असतं. म्हणून या काडतुसाला रिमफायर म्हणतात. रायफलचा खटका ओढला की एक पिन येऊन किनारीवर आपटते, मिश्रण ठिणगी टाकतं, दारू पेटते आणि गोळी सुटते.

हे किनारीतलं मिश्रण लक्षात ठेवा हं. पुढं त्याचं काम आहे. ते फार तापट असतं. कोरडं झालं की नुसत्या घासण्यानंही पेट घेईल. म्हणून कारखान्यात ते ओलं ठेवूनच हाताळतात. ओलसर लगद्यासारखं ते छिद्रांच्या पट्टीवर पसरायचं, ते थेंबाएवढं काडतुसात पडतं, मग काडतूस गरगर फिरवून ते किनारीत बसवायचं आणि मगच वाळवायचं. हे काम करणारी माणसं वेगळी तयार करावी लागतात. आज नोकरीला लावलं आणि उद्या कामाला जुंपलं, असं इथं चालत नाही.

इतकी खटपट करूनही हे काडतूस फार स्वस्त. २०१२ पूर्वी अमेरिकेत ५०० काडतुसांचं खोकं साधारण २० डॉलरला मिळे. या खोक्याचा आकार आणि वजन असं की, तिकडचे लोक त्याला 'वीट' म्हणतात. तिकडे बंदूक बाळगणं आपल्यापेक्षा पुष्कळच सोपं आहे. खेड्यापाड्यांत वडील मुलांना नेम धरायला शिकवतात तेही याच बाविसच्या रायफलनं. किराणा सामानाबरोबर काडतुसांची वीटही गाडीत टाकून घरी न्यायची, यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

आणि मग डिसेंबर २०१२ उजाडला.

मुलांनो, पुढचा भाग लिहायचा की नाही यावर मी बराच विचार केला. पण तो गाळला तर तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावात सँडी हुक या प्राथमिक शाळेत एक तरुण रायफल घेऊन शिरला. त्या सकाळी २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. मुलं सहा-सात वर्षांची, आपल्या पहिलीतल्या मुलांएवढी. मुख्याध्यापिका आणि वर्गातल्या बाई मुलांना वाचवायला पुढे झाल्या, त्याही गेल्या.

सगळी अमेरिका हादरली. बंदुकांवर कडक निर्बंध घाला, अशी मागणी झाली. तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी नवे कायदे आणायचं ठरवलं. युद्धातल्यासारख्या काही रायफली आणि एका दमात खूप गोळ्या झाडता येतील अशी मोठी मॅगझिन विकायला बंदी घालावी, बंदूक विकण्याआधी माणसाची चौकशी व्हावी, असं त्या प्रस्तावांत होतं. साध्या काडतुसांची विक्री बंद करा, असं त्यांत कुठंही नव्हतं.

पण बंदूक बाळगणाऱ्या लोकांत कुजबूज सुरू झाली. आज रायफली बंद करतील, उद्या गोळ्या बंद करतील! त्यापेक्षा आत्ताच घेऊन ठेवलेल्या बऱ्या. आणि माणसं निघाली दुकानाकडे.

जानेवारी २०१३ मध्ये फळ्या रिकाम्या होऊ लागल्या. वॉलमार्ट नावाच्या तिथल्या मोठ्या दुकानांच्या साखळीनं नियम केला, एका माणसाला एका दिवसात तीनच खोकी. तरी पहाटे दुकान उघडायच्या आत दारात रांग! आमच्याकडं रॉकेलच्या गाडीपुढं रांग लागायची ना, तशीच. (तुम्ही ती पाहिली नसेल. आजीला विचारा.) काही जणांनी तर धंदाच मांडला. मालाची गाडी कधी येते याचा पत्ता काढायचा, रोज आपली तीन खोकी उचलायची आणि दुप्पट-तिप्पट किमतीला दुसऱ्याला विकायची. २० डॉलरची वीट ५० डॉलरच्या वर गेली.

तिकडे एप्रिलमध्ये, १७ तारखेला, ओबामांचे ते प्रस्ताव त्यांच्या संसदेच्या वरच्या सभागृहात नापास झाले. म्हणजे ज्याची भीती होती तो कायदा आलाच नाही. आता तरी फळ्या भरायला हव्या होत्या. भरल्या का? छे! बाविसच्या गोळ्या तर आणखीच दुर्मीळ झाल्या.

मग लोक गुन्हेगार शोधू लागले. 'नक्की कुणीतरी लपवतंय!'

पहिला संशय आला सरकारवर. बातमी अशी होती की, अंतर्गत सुरक्षेचं खातं तब्बल १६० कोटी गोळ्या विकत घेतंय. झालं! कायदा करता आला नाही म्हणून सरकार बाजारातल्या गोळ्याच उचलतंय, अशी हाकाटी सुरू झाली. संसदेत प्रश्न विचारले गेले. शेवटी सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं वह्या उघडल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसलं काय? हे खातं वर्षाला सरासरी साधारण ११ कोटी गोळ्या घेतं, आणि २००९ पासून ही खरेदी कमीच होत आली आहे. अमेरिकेतले कारखाने सगळ्या मापांच्या मिळून वर्षाला अब्जावधी गोळ्या करतात. त्यात ११ कोटी म्हणजे घागरीतलं पेलाभर पाणी.

मग १६० कोटी हा आकडा आला कुठून? तो खोटा नव्हता, पण अर्धवट वाचलेला होता. समजा, आपल्या शाळेनं वह्यांच्या दुकानदाराशी ठरवलं की, येत्या पाच वर्षांत आम्ही तुमच्याकडून याच भावानं पाच हजार वह्यांपर्यंत घेऊ. म्हणजे शाळेनं पाच हजार वह्या घेतल्या का? नाही. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. खात्याचे करार असेच होते, चार-पाच वर्षांसाठी, अमुक इतक्या संख्येपर्यंत. आकडा गावभर फिरला आणि 'पर्यंत' मागंच राहिला.

दुसरा संशय शिशाच्या भट्टीवर. मिसुरी राज्यात हर्क्युलेनियम नावाचं गाव आहे. तिथं १८९२ सालापासून शिसं गाळायची मोठी भट्टी होती, खनिजापासून शिसं काढणारी अमेरिकेतली शेवटची भट्टी. २०१३ च्या अखेरीस ती बंद झाली. लोक म्हणाले, बघा, शिसंच बंद केलं, आता गोळ्या कुठल्या? ऐकायला अगदी पटतं की नाही?

पण माझ्या छोट्या हेरांनो, तारखा बघा. टंचाई सुरू झाली २०१२ च्या अखेरीस. भट्टी बंद झाली २०१३ च्या अखेरीस. पाऊस पडायच्या आदल्या वर्षी पूर येईल का? आणखी एक मुद्दा. काडतुसांचे कारखाने बरंचसं शिसं घेतात ते जुन्या वस्तू वितळवून काढलेलं. मोटारींच्या मोडीत निघालेल्या बॅटऱ्यांमधलं. त्या भट्ट्या चालूच होत्या. हर्क्युलेनियमची भट्टी बंद पडली त्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिच्या धुरातून आणि धुळीतून शिसं गावभर पसरे. जवळपास राहणाऱ्या लहान मुलांच्या रक्तात ते जास्त प्रमाणात सापडलं होतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं. हवेतल्या शिशाचे नियम कडक झाले, ते पाळायला लागणारा खर्च कंपनीला परवडेना, म्हणून भट्टी बंद करायचं २०१० मध्येच ठरलं होतं.

तिसरा संशय कारखान्यांवर. भाव वाढावा म्हणून हेच माल दाबून ठेवत असतील! पण विचार करा, लोक मागेल ती किंमत द्यायला तयार असताना कारखानदार माल कोठारात का ठेवील? तो तर विकूनच मोकळा होईल. आणि जादा भावाचा फायदा कारखान्याला मिळतच नव्हता. तो रांगेतल्या त्या तीन-खोकीवाल्यांच्या खिशात जात होता.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तरीही खात्री करून घ्यावी म्हणून मी वर्गात एक खोडी केली.

माझ्या वर्गात २८ मुलं आहेत. पाटीवर लिहायला मी रोज सकाळी ३० खडू टेबलावर ठेवते. प्रत्येकानं एक उचलायचा. रोज दोन उरतात. एका सोमवारी मी फक्त एका मुलाच्या कानात सांगितलं, "उद्यापासून खडू कमी येणार आहेत म्हणे." बस्स, एवढंच! मंगळवारी त्यानं दोन घेतले. त्याचं बघून पुढच्या बाकावरच्यांनी दोन-दोन घेतले. बुधवारी काही मुलं घंटेच्या आधीच येऊन बसली होती! त्या दिवशी टेबलावर ३० खडू होते आणि ११ मुलांना एकही मिळाला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, तुम्ही आज खडू ठेवलेच नाहीत!" मी ठेवले होते हो, नेहमीएवढेच. मग सगळ्यांना दप्तरं उपडी करायला लावली. एकेका दप्तरातून चार-चार खडू निघाले. डब्यातसुद्धा!

त्या रडवेल्या मुलीचा चेहरा बघून मला माझी खोडी जरा महागात पडली असं वाटलं, ते जाऊ दे.

आता हेच गणितानं करून पाहू. वही घ्या. एका गावात १०० नेमबाज आहेत. प्रत्येकाला महिन्याला एक खोकं लागतं. कारखाना महिन्याला १०० खोकी करतो. सगळं सुरळीत. एके दिवशी अफवा येते आणि प्रत्येकाला वाटतं, घरात वर्षाचा साठा असावा, १२ खोकी. फार नाही हं, आपण वर्षाचे गहू भरतोच की! पण शंभर जणांची बारा खोकी म्हणजे १२०० जास्तीची खोकी. कारखाना तीन पाळ्या लावून, सुट्ट्या रद्द करून महिन्याला ११० करू लागतो. म्हणजे जास्तीची दहा. १२०० ला १० नं भागा. १२० महिने. दहा वर्षं! कुणी वेडेपणा केला नाही, कुणी चोरी केली नाही, कारखाना दहा टक्क्यांनी जास्त चालला, तरी फळी दहा वर्षं रिकामी.

तुम्ही विचाराल, मग कारखान्यानं ११० च का? २०० का नाही? आता आठवा ते किनारीतलं तापट मिश्रण. बाविसचं काडतूस करणारी यंत्रं फक्त तेच करतात. दुसऱ्या मापाच्या काडतुसांची यंत्रं मोकळी असली तरी इथं उपयोग नाही. नवी यंत्रं मागवायची, ती बसवायची, स्फोटकांसाठी सुरक्षित इमारत बांधायची, परवाने घ्यायचे, माणसं तयार करायची. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि पैसा ओतावा लागतो पाण्यासारखा. एका काडतुसामागे नफा किती, तर सेंटचा अंश. कारखानदार मनात म्हणतो, मी एवढं सगळं उभारीन आणि तोवर लोकांची भीती गेली तर? घरोघरी विटा रचलेल्या, कोण घेणार माझ्या गोळ्या?

म्हणूनच मोठ्या मापाच्या गोळ्या २०१४ पर्यंत बऱ्याच ठिकाणी दिसू लागल्या, पण बाविसची गोळी परत यायला २०१६ उजाडावं लागलं. आणि ती स्वस्त होती ना, हेच तिच्या मुळावर आलं. महाग वस्तू माणूस किती साठवील? स्वस्त वस्तू मात्र हजारांनी साठवता येते, शिवाय कोपऱ्यात मावते.

कारखानदाराची ती भीती खोटी नव्हती बरं का. २०१६ च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. ते बंदुकांवर बंदी आणणार नाहीत अशी लोकांची खात्री. धाक संपला, तशी खरेदीही आटली. रेमिंग्टन ही बंदुका आणि काडतुसं बनवणारी २०० वर्षांची जुनी कंपनी. आधीच कर्जात होती, ती मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा एकदा. आणि नशिबाचा खेळ बघा! त्याच २०२० साली करोना आला, अमेरिकेत दंगे झाले, निवडणूक आली, आणि पुन्हा फळ्या रिकाम्या! त्या एका वर्षात ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदाच बंदूक घेतली, असा तिथल्या व्यापारी संघटनेचा अंदाज आहे. प्रत्येकानं पन्नासची दोनच खोकी घेतली असं धरा. किती झाल्या? करा गुणाकार. ८४ कोटी गोळ्या! आणि अफवा? त्याही पुन्हा त्याच. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांना तर स्वतः व्हिडिओ काढून सांगावं लागलं की, आम्ही कारखाना बंद केलेला नाही, माल लपवलेला नाही, कृपा करून आम्हाला शिव्या देऊ नका.

आपल्याला हसू येतं, पण फार हसू नका. ११ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तुमच्या आईबाबांना आठवत असेल. नोटाबंदी होऊन तीनच दिवस झाले होते आणि कुणीतरी उठवलं की मीठ संपलं. उत्तर प्रदेश, दिल्ली, अगदी मुंबईतही लोक पिशव्या घेऊन धावले. काही ठिकाणी किलोला दोनशे-चारशे रुपये मोजले. ज्या देशात वर्षाला दोन कोटी टनांहून जास्त मीठ तयार होतं, त्या देशात! मुंबईत राहणाऱ्या आमच्या एका नातलग काकूंनी त्या रात्री सात किलो मीठ आणलं. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या सुट्टीत मला तिथं अळणी आमटी मिळेल.

मात्र सगळ्याच टंचाया अफवेच्या असतात असं समजू नका. रशियानं फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला, तेव्हापासून युरोपात दारूगोळ्याची खरीखुरी ओढाताण सुरू झाली. तिथं अडलं होतं आपल्या त्या सरकीच्या लवेपाशी! नायट्रोसेल्युलोजसाठी लागणारी ही लव युरोप मोठ्या प्रमाणात चीनकडून घेतो. २०२४ मध्ये तिथल्या नेत्यांनी उघडपणे सांगितलं की, तोफगोळे वाढवायचे म्हटले तर दारूच पुरत नाही. तिथं घरोघरी शोधलं असतं तरी लपवलेलं काही सापडलं नसतं.

आपल्याकडे गोष्ट आणखी निराळी. इथं परवान्याशिवाय काडतूस घेता येत नाही, आणि किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यामुळं कोठीच्या खोलीत विटा रचायचा प्रश्नच नाही. सैन्याची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीला आणि भुसावळजवळच्या वरणगावला होतात. खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. पण ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत जी अतिशय काटेकोर गोळी लागते, ती जगात मोजक्याच ठिकाणी तयार होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एक, जर्मनीत एक-दोन. आपले नेमबाज ती तिकडून मागवतात.

आणि 'ही नाही तर ती' असंही त्यांना करता येत नाही. एकाच कारखान्यातल्या, एकाच नावाच्या गोळ्या, पण वेगवेगळ्या दिवशी केलेल्या असल्या तर त्यांत केसाइतका फरक पडतो. म्हणून नेमबाज आपली रायफल घेऊन बसतात, निरनिराळ्या घाण्यांतल्या गोळ्या झाडून बघतात आणि ज्या एकाच जागी पडतात त्या घाण्याच्या गोळ्या वर्षभरासाठी राखून ठेवतात. आता विचार करा, कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या रेंजवर सराव करणारी पंधरा वर्षांची एखादी मुलगी आहे. रोज साठ गोळ्या झाडल्या तर हात बसणार. तिकडं दूर कुठंतरी लोक घाबरतात, कारखान्यांपुढं मागण्यांचा ढीग पडतो, आणि इकडं तिची खोकी यायला उशीर होतो. मग ती काय करते? रिकामीच रायफल उचलून, गोळी न घालता, तासन्‌तास नेम धरायचा सराव करते. याला कोरडा सराव म्हणतात. तो मोठमोठे नेमबाजही करतात. पण स्पर्धा जवळ आली की कोरड्यानं भागत नाही.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा 'संपली तर?' विचारणारा तो मुलगा पुन्हा उभा राहिला.

"बाई, मग अमेरिकेतल्या लोकांनी घरात भरून ठेवलेल्या त्या गोळ्यांचं काय झालं?"

काहींनी त्या हळूहळू वापरल्या. काहींनी भाव उतरल्यावर तोट्यात विकल्या. बाकीच्या अजूनही कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या तळघरात पडून असतील. कोरड्या जागी ठेवल्या तर त्या कित्येक वर्षं खराब होत नाहीत.